कुंकू लागलेला बर्फ

३ ऑक्टोबर, मंगळवार
डबी आली! मॅडम स्वतः घेऊन आल्या, रेल्वेनं, अख्ख्या प्रवासात पर्स पोटाशी धरून. गाइड त्या, विद्यार्थी मी, पण डिपार्टमेंटच्या पायऱ्या चढताना नाचत त्याच होत्या.

मुठीत मावेल एवढी पोलादी डबी. आत दोन हिरे, टोकाला टोक. मधल्या चकतीला भोक, त्या भोकात पाण्याचा कण. स्क्रू आवळले की हिरे तो कण दाबतात, आणि एवढा दाबतात की पाणी गार न करताच गोठतं. त्या बर्फातनं वीज जाते का, आणि दाब वाढवत नेला तर वाढते का, एवढंच बघायचंय. एवढंच!!

अमरीननं (माझी लॅबमधली जोडीदार, मीटर आणि तारा तिच्याकडं) डबी उलटसुलट करून बघितली. "इत्तीसी? मैं समझी कोई बडी मशीन आरई."

डबी दुसऱ्या एका लॅबची, उसनी आहे. डिसेंबर संपायच्या आत परत. माझी पीएच.डी.ची मुदतपण तेव्हाच संपते, आणि आता ती वाढवून मिळणार नाही. म्हणजे जे काय दिवे लावायचे ते ह्या तीन महिन्यांत.

८ ऑक्टोबर, रविवार
पिशोरला. मका काढणी चालू, घरात पाय ठेवायला जागा नाही. आप्पांना डबीचं सांगितलं.

"गरम बर्फ म्हणतीस?"
"गरम नाय आप्पा. आपल्या खोलीत जेवढं असतं तेवढंच."
"अन् त्यातून करंट."
"व्हय."
आप्पांनी लई वेळ दाढी खाजवली. "मग मोटर चालंल का त्याच्यावर? रातच्या लाईटीची कटकट तरी जाईल."

मायला फक्त हिऱ्यांचं पडलंय. दोन हिरे, वर दाब मोजायला माणकाचा बारीक तुकडा (माणकावर लेझर टाकला की ते चमकतं आणि त्या चमकेच्या रंगावरून दाब कळतो). "अन् तू त्याच्यात पाणी दाबत बसतीस? अंगठीत घालायच्या वस्तू त्या!" येताना मक्याची कणसं, शेवया आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी लादली. कन्नडपर्यंत जीपमध्ये बरणी मांडीवर.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
बघितला! बघितला बर्फ!

अजून तारा नाहीत, नुसतं पाणी. स्क्रूचा पाव आटा, पाव आटा. माणिक दहा हजार पटीच्या आसपासचा दाब सांगत होतं, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दहा हजार पट. आणि सूक्ष्मदर्शकात एकदम कोपऱ्यातनं स्फटिक फुटला, सरळ कडांचा, काचेसारखा. वरती पंखा गरगर फिरतोय, माझ्या पाठीवरून घाम वाहतोय, आणि डोळ्याखाली बर्फ. स्क्रू थोडा मागं फिरवला की वितळला, पुढं फिरवला की परत. दिवसभर हाच खेळ केला. अमरीन म्हणे, "अब बस कर, बेचारा थक गया होंगा."

पुंडलिकनगरला खोलीवर येताना रिक्षावाल्याला सांगावंसं वाटत होतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी
मॅडमच्या लॅबमध्ये दरवर्षी पूजा असते. त्यांच्या सासरी पूर्वी भिक्षुकी होती, तिथले सगळे नेम-नियम त्या सोडून आल्या, पण ही एक पूजा धरून ठेवलीय. "ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच." सूक्ष्मदर्शक, मीटर, चिमटे, सुया, सगळं टेबलावर मांडलं. अमरीननं शहागंजातून झेंडू आणला, भाव करून करून, वरती दोन पानं फुकट. डबी पाहुणी म्हणून मधे पाटावर. मॅडमनी घरी केलेलं हळद-कुंकू आणलं होतं, प्रत्येक वस्तूला बोट लागलं, डबीत पाणी भरायच्या सुईलासुद्धा. पेढा ठेवला. फोटो काढले. डबी अशी दिसत होती की मायनं बघितली असती तर ओटीच भरली असती.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
करंट!!!

तारा बसल्या (केसापेक्षा बारीक, अमरीनचे हात सोन्याचे आहेत). पाणी भरलं, दाबलं, गोठलं, आणि बर्फ झाल्यावरही मीटर भरभरून दाखवतोय. जेवढी आशा धरली होती त्याच्या कितीतरी वर. दाब वाढवू तसं अजून वर. मॅडमनी मला मिठी मारली, मग अमरीनला, मग मला परत. शिपाईकाकांना काय चाललंय ते कळलं नाही पण त्यांनीही पेढा घेतला.

आप्पांना फोन केला. "आली का लाईट?" "आली आप्पा, लई आली!" पलीकडं त्यांनी कुणाला तरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं.

३० ऑक्टोबर, सोमवार
आप्पांनी पिशोरच्या बाजारात पेढे वाटले. कुणी विचारलं की म्हणतात, "पोरीनं बर्फातून लाईट काढली." सरपंचांचा फोन येऊन गेला मला. किती एच.पी. ची मोटर चालेल विचारत होते. म्हणलं, सरपंच, ह्यावर मुंगीचा पंखा चालणार नाही. ते म्हणे, "सुरुवात हाय, वाढंल."

मॅडमनी डबीवाल्या लॅबच्या सरांना कळवलं. एका परिषदेला सारांशही पाठवला. माझं नाव पहिलं.

६ नोव्हेंबर, सोमवार
आमचं काहीतरी चुकलंय.

आलेख नीट काढायला बसले. सुरुवातीचे आकडे, गोठायच्या आधीचे, नुसत्या पाण्याचे, आम्ही कुणी बघितलेच नव्हते. शुद्ध पाण्यातून करंट जवळजवळ जायलाच नको. आमच्या पाण्यातून पहिल्या मिनिटापासून जातोय, मिठाच्या पाण्यासारखा. मग बर्फाचं कौतुक कसलं?

अमरीनला दाखवलं. तिनं आकडे दोनदा ताडून बघितले, तिलाही पटलं. डबी अजून दाबातच होती. सूक्ष्मदर्शकाखाली धरली, दिवा खालून, वरून, बाजूनं. चकतीच्या भोकाच्या कडेला एक डाग. लालसर, कडेला पिवळा.

 मग अमरीन हळूच म्हणाली, "रेखा, ये तो मॅडम का कुंकू है."

कुंकू म्हणजे हळद आणि चुना आणि खार. पाण्यात गेलं की क्षारच क्षार. बर्फ वीज नेत नव्हता, कुंकू नेत होतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमना कोणी सांगायचं ह्यावरून आमच्यात सकाळी दोन कप चहा झाले. शेवटी मीच गेले. सगळं एका दमात बोलले. मॅडम उठल्या, स्वतः सूक्ष्मदर्शकावर बसल्या, बराच वेळ मान वर नाही. मला वाटलं संपलं.

खांदे हलायला लागले. हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, सुईला मीच लावलं! नवऱ्याला नाही लावत कधी, आणि सुईला लावलं!" मग आम्ही तिघी. मी तर जमिनीवर बसून.

हसून झाल्यावर त्यांनी तिथंच आमच्यासमोर दोन फोन केले. सारांश मागं घेतला. डबीवाल्या सरांना खरं काय ते सांगितलं, कुंकवासकट. ते काय बोलले माहीत नाही, पण मॅडम म्हणाल्या, "मुदत तीच आहे. रांगेत पुढचे लोक आहेत. कामाला लागा."

मला वाटत होतं मी रडेन. नाही रडले. खोटं असतं आणि कळलंच नसतं तर? 

९ नोव्हेंबर, गुरुवार
डबी उघडली. एका हिऱ्याच्या कडेला चीर. केसाएवढी, पण चीर. मॅडम म्हणतात हिरा अजून एकदा दाब सोसेल, कदाचित. दुसऱ्यांदा नाही.

म्हणजे आता एकच खेप.

१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज
पिशोर. भावाला ओवाळलं, मग आप्पांना ओट्यावर गाठलं. सांगायचं टाळून टाळून दिवाळी काढली होती. बाजारात पेढे वाटलेला माणूस, त्याला कोणत्या तोंडानं सांगू. सांगितलं.

"म्हंजी करंट कुंकवाचा?"
"व्हय."
"बर्फाचा नाय."
"अजून माहीत नाय आप्पा."
आप्पांनी टोपी सारखी केली. मग आतल्या घराकडं बघून हळू आवाजात, "तुझ्या मायला सांगू नको. रोज मोटरला लावंल."

किती हलकं वाटलं काय सांगू. हसून हसून उचकी लागली. आप्पा म्हणे पेढ्याचं काय एवढं, लोकांनी खाल्ले, गोड लागले, झालं. मग स्वतःच विचारलं, खरा बर्फ वीज नेतो तरी कसा. मी पंगतीचं उदाहरण दिलं. पंगतीत पत्रावळ्या हातोहात पुढं जातात ना, तसे हायड्रोजनचे कण ह्या रेणूकडून त्या रेणूकडं जातात. रेणूनं पुढच्याला दिली की मागं वळायचं, पुढची घ्यायला. दाब वाढला की माणसं जवळ जवळ बसतात, हात लवकर पोचतो.

आप्पा म्हणाले, "अन् लईच खेटून बसली तर? वळता कुठं येतंय मग?"

तेच तर आप्पा! तेच बघायचंय. माझ्या मते करंट आधी वाढत जाईल आणि एका ठिकाणावरून उतरायला लागेल. आधी वाढणं सगळ्यांना सुचतं, उतरणं सापडलं तर मजा आहे. बोलता बोलता भाजीवरचं झाकण ठेवायचं राहिलं, मायनं दोघांनाही झापलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार
धुणं. नुसतं धुणं. चकत्या, सुया, चिमटे, अॅसिटोन, मग अल्कोहोल, मग दोनदा उकळून गाळलेलं पाणी, मग परत. लॅबच्या दारावर मॅडमच्या अक्षरात चिकटवलंय: कुंकू, हळद, गुलाल, भस्म, गजरा बाहेर. स्वतः मॅडम कपाळ पुसून येतात आणि जाताना पर्समधून टिकली काढून लावतात. अमरीन अत्तर लावायची, तेही बंद. "मेरा अत्तर बी कंडक्ट करता क्या?" मॅडम म्हणे, "तपासून बघायचं का?"

जुनी सुई मी फेकणार होते. मॅडमनी काढून घेतली, घरी ठेवणार म्हणे.

६ डिसेंबर, बुधवार
आज काहीच मिळालं नाही आणि आम्ही चिवडा आणून खाल्ला!

चीर असलेला हिरा दाबायच्या आधी नुसतं पाणी तपासलं, न दाबता. मीटर पडून राहिला तळाला. जवळजवळ शून्य. परत धुतलं, परत भरलं, परत तेच. काय देखणं शून्य आहे! अमरीननं मीटरचा फोटो काढून स्टेटसला टाकला. तिच्या खालाजाननी विचारलं, मशीन बिगड गया क्या.

११ डिसेंबर, सोमवार
चढायला सुरुवात. पाणी, मग बर्फ. गोठल्यावर करंट अगदी कमी, धागा जसा. पण आहे! वीस हजार पटीच्या वर गेलो, दुसऱ्या प्रकारचा बर्फ झाला, जास्त घट्ट, त्यातही आहे. प्रत्येक पाव आट्याला थोडा वर. मागच्या वेळेसारखी उडी नाही, शहाण्या मुलासारखा एक एक पायरी. मला हा जास्त आवडला.

पाव आटा, दाब स्थिरावेपर्यंत थांबायचं, माणकाला विचारायचं, मीटर वाचायचा. दिवसाला थोडेच बिंदू होतात. चीर तशीच आहे. स्क्रूला हात घालताना श्वास आपोआप बंद होतो, तिघींचाही.

१४ डिसेंबर, गुरुवार
लाख पटीच्या जवळ आलो. अजून चढतोच आहे, पण सावकाश.

मॅडम म्हणाल्या, "रेखा, इथं थांबू या. वाढ मिळाली, स्वच्छ मिळाली. प्रबंधाला पुरेल. हिरा गेला तर डबीचे पैसे भरून द्यावे लागतील ती गोष्ट वेगळी, पण तुझे आकडेही अर्धवट राहतील."

खरंय. थांबले तर पदवी हातात. पुढं गेले आणि हिरा फुटला तर, आहे तेही लोक म्हणतील फुटक्या हिऱ्यातलं. पण उतरणं इथंच कुठंतरी असणार, पुढच्या वळणावर, आणि ते न बघता मी डबी परत कशी देऊ? अमरीनकडं बघितलं. ती म्हणाली, "तेरी डिग्री है, तू बोल. मेरेकु तो देखनाच है."

म्हणलं, पुढं.

मॅडमनी बाही वर सारली. मला वाटतं त्यांनाही तेच हवं होतं.

१८ डिसेंबर, सोमवार
उतरला! लाखाच्या पुढं दोन पाव आटे, आणि करंट खाली. पुढच्याला आणखी खाली.

आनंदानं ओरडणार तेवढ्यात मॅडम: "किंवा तार सरकली."

झालं. दुपारभर वाद. तार सरकली असेल, चिरेनं काही केलं असेल, तरी करंट असाच खाली येणार. रेणूंना वळता येईना म्हणून करंट उतरला की आमचंच काही मोडलं म्हणून, मीटर एकच गोष्ट दाखवतो. अमरीन म्हणते तारा पक्क्या आहेत. मॅडम म्हणतात, "तुझा विश्वास आहे, पुरावा नाही." दोघी बरोबर.

अमरीनलाच सुचलं. आता मागं यायचं, पण एकदम नाही, मोजत मोजत. दाब कमी करताना करंट परत चढला तर उतरणं खरं, बर्फाचंच. काही मोडलं असेल तर तो खालीच पडून राहील. फक्त हिरे जास्त करून सैल करतानाच फुटतात. तरी डबी उघडायची म्हणजे सैल करावीच लागणार, मग मोजतच का नको!

जेवणाचा डबा तसाच परत आणला. मायच्या शेवया होत्या, सकाळी खाईन.

२१ डिसेंबर, गुरुवार
आप्पा आलेत! ठिबकच्या नळ्यांचं काहीतरी घ्यायला मोंढ्यात आले होते, तिथनं विचारत विचारत डिपार्टमेंटला. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी, दारात चप्पल काढून उभे. दारावरची पाटी वाचली आणि कपाळावरचा गंध धोतराच्या सोग्यानं पुसून मगच आत आले. मॅडमना नमस्कार. मॅडमनी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आप्पांनी. मी धरून दाखवलं, तो मधला स्वच्छ भाग, तो बर्फ. किती तरी वेळ बघत राहिले. म्हणलं दिसतोय ना? "दिसतोय की." मग बोट पुढं करून, "हात लावता येत नाय व्हय?" मी म्हणलं नाय आप्पा. "राहू दे. बघितला, बास झालं."

त्यांच्यासमोरच पहिला आटा मागं घेतला. अमरीनचा हात स्क्रूवर, माझा डोळा चिरेवर. टिक झालं नाही. हिरा आहे! मग थांबलो. माणिक म्हणालं दाब उतरला. मीटर वाचला.

वर. एवढासा वर. मी टेबलावर थाप मारली, आप्पांनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅडमनी हात वर केला. "हा तर मीटर एरवीही हलतो तेवढाच आहे. एका बिंदूवर नाचू नका." आहे तेवढाच. खरंय. पण वर आहे, खाली नाही!

दुसरा आटा घेतला. हा मोठा, ह्यात चढायचंच असेल तर लपणार नाही. हिरा अजून धड. दाब स्थिरावायला वेळ लागतो म्हणून मॅडम आप्पांना घेऊन खाली चहाला गेल्यात. ऐकू येत होतं जिन्यात, आप्पा त्यांना पंगत समजावून सांगत होते, आणि मॅडम "हो का?" म्हणत होत्या.

अमरीननं मीटरवर आपली ओढणी टाकलीय. सगळे आल्याशिवाय कुणी बघायचं नाही. मी एकदा टोक उचलायला गेले, तिनं हातावर चापट मारली. माणिक बघून झालं, दाब स्थिर आहे. आकडा तिथंच आहे, ओढणीखाली, झालेला. मी मुद्दाम लिहीत बसलेय, म्हणजे हात गुंतलेला राहील. लई आनंद होतोय आणि का ते सांगता येत नाही, कारण अजून काहीच माहीत नाही.

जिन्यात आवाज येतोय, आप्पांचाच. अमरीन उठली, ओढणीला हात घालून उभी आहे.